छोट्या कार्यालयासाठी स्विच घेताना

सदर : धंदा आणि हिशेब



‘स्विच’ म्हटले की आपल्याला दिव्याचे किंवा पंख्याचे बटण आठवते. गेल्या महिन्यात मी चिपळूणला भाच्याकडे निघालो आणि घरी सांगितले, “त्याच्या ऑफिसातला स्विच बघायचा आहे.” घरच्यांनी लगेच विचारले, “मग त्यासाठी तुम्ही कशाला? तिकडे वायरमन मिळत नाही का?”

हा स्विच वेगळा. कार्यालयातले संगणक, प्रिंटर, वायफायचे यंत्र, कॅमेऱ्यांचे रेकॉर्डर या सगळ्यांच्या तारा ज्या एका डब्यात येऊन मिळतात, तो नेटवर्क स्विच. टेबलाखाली धूळ खात पडलेला, हिरवे दिवे लुकलुकणारा हा डबा आपल्यापैकी बऱ्याच जणांच्या दुकानात, दवाखान्यात, क्लासमध्ये असतो. तो चालतो तोवर कोणी त्याच्याकडे बघत नाही आणि बिघडला की संशय भलत्याच गोष्टीवर जातो. भाच्याकडे तो एका माणसावर गेला होता. म्हणून या महिन्यात हाच विषय घेतला आहे.

मुलीचा हात हळू की तार?

भाचा हिशेब आणि जीएसटी विवरणपत्रांचे काम करतो. कार्यालयात सात संगणक आहेत. सगळ्या ग्राहकांचे हिशेब एका मुख्य संगणकात ठेवलेले असतात आणि बाकीचे सहा जण तारेवरून तेच उघडून काम करतात. त्याचा फोन आला तो असा :

“मामू, नवीन मुलगी ठेवली आहे ना, तिला काढावे म्हणतो. स्वभावाने चांगली आहे, पण हात फार हळू. बाकीच्यांना दहा मिनिटे लागतात तिथे तिला अर्धा तास. वीस तारीख आली की माझ्या पोटात गोळा येतो. आणि हो, एक विक्रेता नव्या स्विचचे कोटेशन देऊन गेला आहे, तेही जरा बघा.”

वीस तारीख का, ते धंदेवाल्या वाचकांना ठाऊक आहे. दरमहा विवरणपत्र भरणाऱ्यांना ३बी भरण्याची ती शेवटची तारीख. चुकली की रोजचे विलंब शुल्क चालू, कर बाकी असेल तर वर व्याज. ग्राहक ते भाच्यालाच ऐकवणार.

मी गेलो. मुलगी खेडहून एसटीने येते. बी.कॉम. झालेली. तीन महिन्यांची उमेदवारी, त्यातले दोन संपलेले. मी तिला म्हटले, “बेटा, जरा पुढच्या टेबलावर बसून हेच काम करून दाखव.” तिने पुढच्या संगणकावर दहा-अकरा मिनिटांत काम उरकले. मग पुढच्या टेबलावरच्या जुन्या कारकुनाला तिच्या खुर्चीवर बसवले. पाच मिनिटांत तो वैतागून उठला.

दोन महिन्यांत खुर्च्या बदलून बघायचे कोणाला सुचले नव्हते. मुलीने मात्र दोनदा सांगितले होते की संगणक अडकतो. तिला उत्तर मिळाले होते, “नवीन आहेस, होईल सवय.”

मग मी गुडघे टेकून तारेचा माग काढला. पुढच्या टेबलाखाली आठ पोर्टांचा जुना स्विच होता. त्यातून एक तार लोखंडी कपाटाच्या मागून मागच्या रांगेत गेलेली, तिथे टेबलाखाली पाच पोर्टांचा आणखी एक जुना स्विच. त्यावर मागच्या रांगेतले तीन संगणक आणि प्रिंटर. या तीनपैकी एक संगणक फक्त स्कॅनिंगचा, दुसऱ्यावर एक गृहस्थ संध्याकाळी दोन तास येतात. दिवसभर त्या रांगेत काम करणारी ही मुलगी एकटीच. कपाटाच्या पायाखाली ती तार चेपली होती. कपाटाचे दार जोरात उघडले की दोन स्विचमधला दिवा विझायचा आणि पुन्हा लागायचा. कपाट दिवसातून पन्नास वेळा उघडते. त्यात स्कॅन केलेल्या जाड फायलीही त्याच एका तारेवरून जायच्या.

भाच्याला दाखवले. तो बराच वेळ त्या दिव्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, “मामू, मी पुढच्या सोमवारी तिला सांगणार होतो.”

हा डबा करतो काय?

संगणकांना तारेने जोडण्याची ‘इथरनेट’ ही पद्धत १९७३ मध्ये अमेरिकेतल्या झेरॉक्स कंपनीच्या संशोधन केंद्रात रॉबर्ट मेटकाफ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सुरू केली. पुढे ‘हब’ नावाचे डबे आले. हब म्हणजे मोहल्ल्यात दवंडी पिटणारा माणूस. निरोप एकाचा असला तरी तो सगळ्या दारांवर ओरडणार. स्विच हा पोस्टमन. कोणत्या दारी कोणते यंत्र राहते ते तो लक्षात ठेवतो आणि ज्याचे पत्र त्याच्याच दारात टाकतो. त्यामुळे एकाच वेळी दोघे प्रिंटरकडे आणि मुख्य संगणकाकडे गेले तरी एकमेकांच्या वाटेत येत नाहीत.

पण पोस्टमन कितीही हुशार असला तरी गल्ली अरुंद असेल तर तो काय करणार? मागच्या रांगेतल्या सगळ्यांचे काम एकाच चेपलेल्या तारेतून जात होते, तिथेच अडले.

पहिले काम : तोंडे मोजा

दुकानात जाण्याआधी कागद घ्या आणि ज्या ज्या यंत्राला तार लागते ते लिहा. भाच्याकडे यादी अशी झाली : संगणक सात, प्रिंटर एक, फायलींची प्रत ठेवण्याचा डबा एक, कॅमेऱ्यांचे रेकॉर्डर एक, वायफायचे यंत्र एक. झाले अकरा. आणि इंटरनेटच्या राउटरकडून येणारी तार? तीही एक पोर्ट खाते. ती मोजायला बहुतेक लोक विसरतात. एकूण बारा.

स्विच साधारणपणे पाच, आठ, सोळा, चोवीस आणि अठ्ठेचाळीस पोर्टांचे मिळतात. बारा लागतात म्हटल्यावर आठचा पुरत नाही. सोळाचा घेतला की चार शिल्लक राहतात. पुढच्या दोन-तीन वर्षांत दोन माणसे वाढली, एखादे हजेरीचे यंत्र आले तरी जागा आहे. एवढी शिल्लक पुरे. चोवीसचा घेऊन बारा तोंडे रिकामी ठेवणे म्हणजे दोघांच्या संसाराला पाच खोल्यांचे घर भाड्याने घेणे.

मात्र आठचा एक आणि पाचचा एक जोडून भागवण्याची सवय सोडा. दोन स्विच जोडता येतात, त्यात गैर काही नाही. पण त्यांच्यातल्या एका तारेवर मागच्या सगळ्यांचा भार पडतो आणि ती तार दुखावली की सगळी रांग दुखावते. एका खोलीचे कार्यालय असेल तर एकच स्विच आणि त्यातून प्रत्येक टेबलाला स्वतंत्र तार, ही सर्वांत निरोगी मांडणी.

दुसरे काम : खोक्यावरचा आकडा वाचा

खोक्यावर ‘१०/१००’ लिहिलेले असेल तर तो स्विच एका सेकंदाला जास्तीत जास्त १०० मेगाबिट नेतो. ‘१०/१००/१०००’ किंवा ‘गिगाबिट’ असेल तर १००० मेगाबिट. यात एक मेख आहे. फायलींचे माप आपण मेगाबाइटमध्ये मोजतो आणि आठ बिट म्हणजे एक बाइट. म्हणजे १०० मेगाबिटचा स्विच सेकंदाला फार तर साडेबारा मेगाबाइट नेणार आणि गिगाबिटचा सव्वाशे. एक हजार मेगाबाइटची फाइल पहिल्यावर किमान ८० सेकंद घेईल, दुसऱ्यावर ८ सेकंद. प्रत्यक्षात दोन्हींना याहून थोडा जास्त वेळ लागतो आणि संगणकाची डिस्क जुनी असेल तर गिगाबिटचा पूर्ण फायदा मिळत नाही. पण फरक डोळ्यांना दिसण्याइतका असतो.

भाचा म्हणाला, “पण मामू, माझे इंटरनेटच १०० मेगाबिटचे आहे. मग गिगाबिट कशाला?” हा प्रश्न खूप जण विचारतात. इंटरनेट ही गावाबाहेर जाणारी सडक झाली. तुमचे मुख्य काम गावातल्या गावात आहे : या टेबलावरून मुख्य संगणकाकडे, तिथून प्रिंटरकडे. ती वर्दळ बाहेरच्या सडकेवर जातच नाही, स्विचमधूनच फिरते. म्हणून इंटरनेट कितीचे आहे यावरून स्विच ठरवू नका.

आज आठ पोर्टांचा साधा गिगाबिट स्विच दीड-दोन हजारांच्या आसपास मिळतो. १०० मेगाबिटचा घेऊन चार-पाचशे रुपये वाचवण्यात आता अर्थ राहिलेला नाही. याहून वेगवान, अडीच गिगाबिटचेही स्विच मिळतात, पण हिशेबाच्या किंवा दवाखान्याच्या कार्यालयाला सध्या त्यांची गरज नाही.

तार चांगली नसेल तर स्विच वाया

१०० मेगाबिटला तारेतल्या आठपैकी चारच धाग्यांची गरज असते. गिगाबिटला आठही लागतात. म्हणून जुन्या तारेतला एखादा धागा तुटलेला असेल, तर नवा गिगाबिट स्विच लावूनही वेग १०० वरच राहतो आणि आपण दुकानदाराला दोष देत बसतो.

खात्री करायची असेल तर संगणकाच्या नेटवर्क सेटिंगमध्ये ‘लिंक स्पीड’ बघा. तिथे १००० किंवा १ गिगाबिट दिसले तर ठीक. १०० दिसले तर आधी तार तपासा, मग संगणक. बऱ्याच स्विचवर दिव्याचा रंगही वेगाप्रमाणे बदलतो. कोणता रंग कशाचा, ते सोबतच्या कागदावर असते.

तार घेताना ‘कॅट ५ई’ किंवा ‘कॅट ६’ मागा. छोट्या कार्यालयाला ५ई पुरते, नवे काम काढताय तर ६ घाला. आणि तांब्याचीच मागा. तांब्याचा मुलामा दिलेली अॅल्युमिनियमची तारही बाजारात मिळते, स्वस्त असते, दिसायला सारखीच. ती लवकर मोडते आणि लांब अंतरावर दगा देते. टोक खरवडून बघा, आतून पांढरी निघाली तर परत करा. स्विचपासून यंत्रापर्यंत तारेची लांबी १०० मीटरच्या आत ठेवा.

कॅमेरे असतील तर : तारेतून वीज

आता त्या कोटेशनकडे येऊ. विक्रेत्याने चोवीस पोर्टांचा, ‘पीओई’वाला, ‘मॅनेज्ड’ स्विच सुचवला होता. किंमत चाळीस हजारांच्या वर. भाच्याने विचारले, “कॅमेरे आहेत ना आपल्याकडे, मग पीओई लागणारच असे तो म्हणाला.”

पीओई म्हणजे त्याच तारेतून माहितीबरोबर वीजही पाठवायची सोय. छतावर वायफायचे यंत्र लावले किंवा नेटवर्कवर चालणारे कॅमेरे भिंतीवर बसवले, तर प्रत्येकाजवळ विजेचा प्लग काढावा लागत नाही. फार कामाची सोय आहे. पण भाच्याचे कॅमेरे जुन्या पद्धतीचे, गोल काळ्या तारेचे. त्या तारा थेट रेकॉर्डरमध्ये जातात. त्यांचा स्विचशी संबंधच नाही. स्विचला जोडायचे ते फक्त रेकॉर्डर, आणि त्याला स्वतःची वीज आहे. म्हणजे पीओईचा खर्च फुकट गेला असता.

तुमचे कॅमेरे नवे, नेटवर्कचे असतील तर मात्र पीओई जरूर घ्या, फक्त तीन गोष्टी बघून.

पहिली, एकूण वॅट. मूळ पद्धतीत, म्हणजे ‘८०२.३एएफ’मध्ये, एका पोर्टवर १५.४ वॅटपर्यंत वीज देता येते. नंतरच्या ‘८०२.३एटी’मध्ये ३० वॅटपर्यंत. आठ पोर्टांना १५.४ प्रमाणे द्यायचे तर १२३ वॅट हवेत. पण आठ पीओई पोर्टांच्या स्वस्त डब्याची एकूण ताकद बहुधा ६० वॅटच्या आसपास असते. दस्तरखान आठ जणांचा मांडला आणि देगेत बिर्याणी चारच जणांची, असा प्रकार. म्हणून प्रत्येक कॅमेऱ्याच्या कागदावरचे वॅट लिहा, बेरीज करा आणि त्याहून पाव हिस्सा जास्त ताकदीचा स्विच घ्या. रात्री कॅमेऱ्याचे अंधारातले दिवे लागले की वीज जास्त लागते. दिवसा चालणारे कॅमेरे रात्री बंद पडतात, त्याचे कारण पुष्कळदा हेच असते.

दुसरी, पोर्टांचा वेग. ‘गिगाबिट अपलिंक’ असे मोठ्या अक्षरांत लिहिलेले असते, पण कधी कधी फक्त एक-दोन पोर्ट गिगाबिटचे आणि कॅमेऱ्यांचे सगळे पोर्ट १०० चे असतात. फक्त कॅमेरे लावायचे असतील तर हे चालते, कारण एका साध्या कॅमेऱ्याला चार-पाच मेगाबिट पुरतात. पण त्याच डब्यावर संगणकही लावणार असाल तर फसाल.

तिसरी, वर लिहिलेले ‘एएफ’ किंवा ‘एटी’ हे नाव खोक्यावर आहे की नाही. हे स्विच समोरच्या यंत्राला आधी विचारतात, वीज हवी का, किती हवी, आणि मगच देतात. काही स्वस्त डबे न विचारताच तारेत वीज सोडतात. त्यावर चुकीचे यंत्र लावले तर ते जळू शकते.

मॅनेज्ड की साधा?

साधा स्विच म्हणजे तार लावा आणि चालू करा. मॅनेज्ड स्विचमध्ये आत शिरून नियम लावता येतात. सर्वांत कामाचा नियम म्हणजे एकाच डब्यात वेगवेगळे गट पाडणे, ज्याला ‘व्हीलॅन’ म्हणतात. दवाखान्यात येणारे रुग्ण वायफाय वापरतात, पण त्यांच्या मोबाइलवरून रुग्णांच्या नोंदींच्या संगणकापर्यंत वाट नसावी. क्लासमधली मुले आणि फीचा हिशेब एकाच गल्लीत नसावा. अशा ठिकाणी गट पाडणे गरजेचे आहे आणि त्यासाठी वेब-स्मार्ट नावाचे मधल्या किमतीचे स्विच पुरतात. पण नियम लावणारा माणूस जवळ हवा. आणि पहिल्याच दिवशी त्याचा कंपनीने दिलेला पासवर्ड बदलायला हवा. नाहीतर कुलूप महागाचे आणि किल्ली दारावर टांगलेली, असे होईल.

भाच्याकडे बाहेरच्या माणसांना वायफाय दिले जात नाही. सात माणसे, सगळी एकाच कामातली. त्याला साधा स्विच पुरे.

एक गोष्ट मात्र साध्या स्विचवाल्यांनी ध्यानात ठेवावी. टेबलाखाली एक सुटी तार दिसते, कोणीतरी नीटनेटकेपणासाठी तिचे मोकळे टोक रिकाम्या पोर्टात खोचतो. तिचे दुसरे टोकही त्याच स्विचमध्ये असते. झाले, गोल रिंगण तयार. काही निरोप सगळ्यांना उद्देशून असतात, ते त्या रिंगणात फिरत राहतात, वाढत राहतात आणि काही क्षणांत सगळे कार्यालय बंद पडते. खूण अशी की सगळे दिवे एकदम वेड्यासारखे लुकलुकू लागतात. घाबरू नका. एकेक तार काढत जा. ज्या तारेबरोबर दिवे शांत होतील, ती दोषी. या रिंगणावरचा उपाय रेडिया पर्लमन या अमेरिकन संगणकशास्त्रज्ञ बाईंनी १९८५ मध्ये शोधला आणि तो आजही मॅनेज्ड स्विचमध्ये वापरला जातो. आपल्या मुलींना हे नाव जरूर सांगा.

कुठे ठेवाल?

२२ जुलै २०२१ ची तारीख चिपळूणकर विसरणार नाहीत. वाशिष्ठीचे पाणी बाजारपेठेत शिरले आणि कित्येक दुकाने बुडाली. भाच्याचे जुने कार्यालय तळमजल्यावर होते. भिंतीवर पाण्याची रेघ किती उंच होती ते त्याने मला बोटाने दाखवले होते. आणि तरीही नव्या जागेत स्विच पुन्हा टेबलाखालीच! माणूस मोठे नुकसान लक्षात ठेवतो, बारीकसारीक विसरतो.

आता तो डबा डोक्याच्या वर भिंतीवर आहे. तिथे धूळ कमी, झाडूचा मार नाही, पाय लागून तार निघत नाही. बंद कपाटात ठेवू नका, त्याला वारा हवा. छोट्या जागेत पंखा नसलेला स्विच घ्या, पंख्याचा आवाज दिवसभर कानाशी घोंगावतो. स्विच आणि राउटर दोन्ही यूपीएसवर लावा. लॅपटॉप चालू आणि स्विच बंद, तर बॅटरीचा उपयोग काय? विजेची चिंता नको. दहा वॅटचा स्विच वर्षभर रात्रंदिवस चालला तरी सुमारे ८८ युनिट होतात.

अंगणापलीकडे दुसरी इमारत किंवा गोदाम असेल तर तांब्याची तार उघड्यावरून नेऊ नका. कोकणात विजा पडतात, आणि तांब्याच्या तारेतून तो झटका थेट स्विचमध्ये आणि तिथून संगणकात येऊ शकतो. तिथे काचेची फायबर तार टाका. त्यासाठी ‘एसएफपी’ तोंड असलेला स्विच लागतो, तेवढे आधी सांगा.

दुकानात गेल्यावर

मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा आपल्या जिल्ह्याच्या गावी, कुठेही घ्या. टीपी-लिंक, डी-लिंक, नेटगिअर, सिस्को अशी नावे सगळीकडे दिसतील. नावापेक्षा यादी हातात ठेवा आणि चार प्रश्न विचारा : सगळे पोर्ट गिगाबिट आहेत का? वॉरंटी किती वर्षांची आणि ती कोणत्या तारखेपासून? अॅडॉप्टर जळाला तर तोही त्यात येतो का? बिघडल्यावर बदली कुठे मिळेल, याच गावात की पार्सल करावे लागेल?

पक्के बिल घ्या. स्विचवर १८ टक्के जीएसटी आहे. तुमचा धंदा नोंदणीकृत असेल तर बिलावर आपला जीएसटी क्रमांक घाला, नियमाप्रमाणे तो कर वळता करता येतो. कच्च्या पावतीवर थोडे वाचल्यासारखे वाटतात, पण ही वळतीही जाते आणि वॉरंटीही.

घरी आल्यावर प्रत्येक तारेच्या दोन्ही टोकांना चिठ्ठी लावा : ‘टेबल १’, ‘प्रिंटर’, ‘राउटर’. हे काम मुलांना द्या, ते हौसेने करतात. आणि एका वहीत लिहून ठेवा. बिघाडाच्या दिवशी ही वही स्विचइतकीच किमतीची ठरते.

शेवटी काय झाले?

भाच्याने सोळा पोर्टांचा साधा गिगाबिट स्विच घेतला. तो, कॅट ६ तार आणि तार टाकणाऱ्याची मजुरी धरून खर्च त्या कोटेशनच्या एक तृतीयांशाहून कमी आला. दोन्ही जुने स्विच काढले. प्रत्येक टेबलाला स्वतंत्र तार गेली, कपाटामागून एकही नाही.

विक्रेत्याने फसवले असे मी म्हणणार नाही. त्याने विचारले, “कॅमेरे आहेत?” आणि भाचा म्हणाला, “आहेत.” कोणते, ते त्यानेही विचारले नाही आणि यानेही सांगितले नाही. स्वतःला काय हवे ते कागदावर नसले की दुसरा त्याच्या अंदाजाने ठरवतो. फिजूलखर्ची अशीच होते. आणि आधीची कंजुषी, पाचशे रुपयांचा जुना डबा मागे जोडून भागवण्याची, ती एका मुलीच्या नोकरीवर उठली होती.

तार बदलल्याच्या दुसऱ्या दिवशी भाच्याने सगळ्यांसमोर तिला सांगितले, “तुझे म्हणणे बरोबर होते. मी ऐकायला हवे होते.” ती फक्त “ठीक आहे सर” म्हणाली आणि कामाला लागली. वीस तारखेला सगळी विवरणपत्रे दुपारी चारपर्यंत भरून झाली. उमेदवारी संपल्यावर तिला कायम केले आहे. मी निघताना तिने हळूच विचारले, “चाचा, त्या दिव्याचा रंग हिरवाच राहायला हवा ना?” आता रोज सकाळी आल्यावर ती आधी तिकडे बघते, असे भाचा सांगतो.

तुमच्या कार्यालयात कोणाचे काम मागे पडत असेल, तर रागावण्याआधी एकदा त्याच्या खुर्चीवर बसून बघा आणि टेबलाखाली वाकून बघा. बिघाड तारेत असला तर तो दोनशे रुपयांत निघतो.

पुढच्या महिन्यात, हिशेबाच्या फायलींची दुसरी प्रत कुठे आणि कशी ठेवावी, याबद्दल बोलू. तोवर आपले प्रश्न नेहमीप्रमाणे मासिकाच्या पत्त्यावर कळवा.